रविवारचं गोडं पाणी

मी एक जुना गळणा आहे, मित्रांनो. गळणा म्हणजे पाणी गाळायचं कापड. मंचरच्या एका घरात, पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली आता माझी घडी पडून असते. अंगावर पिवळे डाग आहेत, काठाचे दोरे सुटले आहेत. पण एक सवय काही सुटली नाही. पेटीचं झाकण कुणी उघडलं, की आत येणाऱ्या उजेडाकडेसुद्धा मी आधी संशयानेच पाहतो. काय करणार? संशय हाच माझा आयुष्यभराचा धंदा. पाणी कितीही आरशासारखं दिसो, मी त्याला म्हणायचं, "थांब बाबा, आधी माझ्यातून जा."

मी कुठल्या मागावर विणला गेलो, कुणाच्या हातचा, ते मला ठाऊक नाही. मला पहिलं आठवतं ते जुन्नरच्या बाजारातलं खादीचं दुकान आणि कंचनबाई. मंचरला किराणा दुकान असलेल्या नथमलशेठची ही बायको, घर जैन. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इकडे आले, पण आता या घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. कंचनबाईंनी तागा उलगडला आणि दुकानाबाहेर जाऊन उन्हात डोळ्यांसमोर धरला. सूर्य आरपार दिसला, की कापड परत. चार तागे परत गेले.

"वहिनी, कापड बघताय का ग्रहण?" दुकानदार हसला.

पाचवा तागा माझा. माझ्यातून सूर्य दिसला नाही. मला त्यातून फाडून, दुहेरी शिवून घरी आणलं.

माझं काम साधं होतं. हंड्याच्या तोंडावर मला पसरायचं आणि आडाचं पाणी हळूहळू ओतायचं. पाणी खाली जाई आणि त्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव माझ्या अंगावर राहत. खरं काम पुढेच असे, मित्रांनो. कंचनबाई मला उलटा करून गाळलेल्या पाण्याने जपून धुवायच्या आणि ते धुवण एका पितळी गडूत धरायच्या. त्याला त्या जिवाणी म्हणत. ही जिवाणी मोरीत ओतायची नाही. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात ती परत गेली पाहिजे. तीही वरून धपकन नाही. त्या गडूच्या बुडाला एक कडी होती. दोरीला गडू उलटा टांगून चालणार नाही, म्हणून एक दोरी गळ्याला आणि एक बुडाच्या कडीला. गडू पाण्याला टेकला, की कडीची दोरी ओढायची. गडू कलंडतो आणि जीव आपल्या घरी जातात, त्यांना धक्कासुद्धा लागत नाही.

अवसरी बुद्रुकच्या ठकूबाईंनी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. त्यांचा नवरा धर्माजी बटाटा पिकवायचा आणि किराणा नथमलशेठकडून न्यायचा. त्यामुळे बाजाराच्या दिवशी ठकूबाईंची बैठक कंचनबाईंच्या ओट्यावर.

"काचंवानी पानी हाय, आन् त्याला बी गाळताय? तुमचा कुनावर इस्वासच न्हाई बगा."

"पाण्यावर विश्वास आहे हो," कंचनबाई म्हणाल्या, "त्यात कोण राहतं ते मला दिसत नाही, एवढंच."

हे ठकूबाईंना फार आवडलं. त्या जात्यावर ओव्या रचणाऱ्या बाई. पुढच्या बाजाराला येताना त्या माझ्यावर ओवी घेऊनच आल्या:

निर्मळ दिसं पानी, तरी पुसावं त्याचं गाव
कोन्या गं आडाचं तू, सांग आडाचं काय नाव

ही ओवी ऐकून मी चार दिवस ताठ वाळलो.

पंचाण्णव-शहाण्णवच्या सुमाराची गोष्ट. मंचरला एक टायवाले साहेब आले. कोकणात समुद्रकाठी मोठं रिसॉर्ट होणार होतं. तिथली खोली विकत मिळत नव्हती, खोलीतले दिवस विकत मिळत होते. वर्षातले आठ दिवस तुमचे, असे तीस वर्षं. अजून एक वीटही लागली नव्हती, म्हणून आत्ता पैसे भरतील त्यांना निम्म्या दरात. गुळगुळीत कागदावर निळा समुद्र, लाल कौलं आणि मधोमध एक गोल विहीर, असं चित्र होतं. साहेब त्या विहिरीवर बोट ठेवून सांगायचे, "समुद्रकाठी गोडं पाणी, शेठ! ही आपल्या प्रोजेक्टची शान आहे."

नथमलशेठ भुलले. माणूस लोभी नव्हता हो. लग्नात त्यांनी कंचनबाईंना समुद्र दाखवीन असं सांगितलं होतं, आणि दुकानाच्या गल्ल्यावरून उठणं काही जमलं नव्हतं. मुलगा जिनेश मिसरूड फुटायच्या वयाला आला, तरी समुद्र राहिलाच होता.

शेठनी मनात धरलं, तसं धर्माजीनेही धरलं. "शेठ घेत्यात म्हंजी बगायचं काय त्यात? आपुन बी घिऊ." धर्माजीने बटाट्याचे पैसे बाजूला ठेवले होते ते नव्या विहिरीसाठी. ठकूबाई रोज तीन वेळा डोईवर हंडा घेऊन ओढ्यापलीकडे जात होत्या, त्यांच्यासाठी ती विहीर. आता ते पैसे आठ दिवसांच्या खोलीत जाणार होते.

साहेबांनी रविवारी फुकट बस ठेवली. जागा दाखवतो, जेवण आमच्याकडे, आणि निम्मा दर फक्त बस परत निघेपर्यंत. धर्माजी बटाट्याच्या लावणीत अडकला होता. बसमध्ये चढल्या ठकूबाई.

"तुम्ही कशाला त्रास घेतला?" शेठ म्हणाले.

"माजी हीर समुद्रात चाललीय शेठ, तिला वाटं लावाया नको? आवो, तुमी आमचा बटाटा तोंडाला लावत न्हाई, आन् बटाट्याचं पैसं बुडवाया बरं पुढं!"

बसभर हशा पिकला. शेठ खिडकीबाहेर पाहू लागले. मी कंचनबाईंच्या पिशवीत गडूशेजारी होतो. घाट उतरताना हवा जड होत गेली, खारट होत गेली. माझे दोरे दमट झाले आणि मला उगाच वाटू लागलं, की आज काम आहे.

मग समुद्र आला. कंचनबाई बसमधून उतरल्या आणि चपला हातात घेऊन सरळ पाण्यापर्यंत गेल्या. किती वेळ उभ्या राहिल्या कोण जाणे. नथमलशेठ मागे उभे. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, एवढं पाणी! हे गाळायचं कसं?"

शेठचा चेहरा असा उजळला, की मलाच वाईट वाटलं. कारण त्या आनंदात ते कशावरही सही करतील, असं मला दिसत होतं.

मागे वाळूत चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. ही तुमची खोली, हा झोपाळा, हे नाचायचं अंगण. ठकूबाई रेघांच्या मधून अंग चोरून चालल्या. "भित्तीला धक्का लागंल," म्हणाल्या. पलीकडे पांढरा तंबू, खुर्च्या, सहीचे कागद. आणि थंडगार पाण्याची पिंपं. घरून आणलेलं पाणी बसमध्येच संपलं होतं. कंचनबाईंनी भांडं मागितलं आणि मला पिशवीतून बाहेर काढलं.

पाणी माझ्यातून गेलं. खरंच गोडं होतं, मित्रांनो. थंड आणि हलकं. शेठ दोन पेले प्यायले. "बघ, म्हटलं नव्हतं?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

कंचनबाईंनी मला धुतलं, जिवाणी गडूत धरली आणि विचारलं, "हे पाणी कुठल्या विहिरीचं?"

"आपलीच, मॅडम. चित्रातली."

"मग मला तिथे जायचंय. यातले जीव परत सोडायचे."

साहेब आधी हसले. मग म्हणाले, "द्या, माझा माणूस सोडून येईल."

"नको. मीच सोडते."

"मॅडम, बस निघायची आहे. एवढा समुद्र समोर आहे, त्यात ओता ना! पाणी ते पाणी."

कंचनबाईंचा हात गडूवर घट्ट झाला. "गोड्यातले जीव खाऱ्यात सोडू? तुम्हाला असं कुणी सोडलं तर?"

साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. आणि शेठ पहिल्यांदाच त्यांच्याकडे जरा रोखून पाहू लागले. पण बायकोचा हट्ट लवकर मिटवावा म्हणून म्हणाले, "चल, सोडून येऊ, मग सही करू."

विहीर तंबूमागेच होती. चित्रातल्यासारखीच गोल, नवा गिलावा, नवा रहाट. दोर इतका कोरा, की दुकानातली गाठसुद्धा सुटलेली नव्हती. ठकूबाईंनी ती गाठ बोटावर घेऊन नुसती फिरवली.

कंचनबाई जिवाणी सोडायला वाकल्या आणि थांबल्या. "आधी हे पाणी बघू द्या. तेच आहे का ते."

"तेच असणार!" शेठ वैतागले. त्यांनी स्वतः बादली सोडली, वर ओढली आणि वाद संपवायचा म्हणून ओंजळ भरून मोठा घोट घेतला.

तो घोट तसाच वाळूत गेला. शेठ खोकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं.

"काय शेठ, मिठाची गोनी फुटली जनू?" ठकूबाईंनी विचारलं. पण आवाजात टोमणा नव्हता. त्यांनी कमरेचा रुमाल पुढे केला.

मग तंबूतलं गोडं पाणी कुठलं? साहेबांना विचारायला कुणी गेलं नाही. मघापासून माडांपाशी एक बाई रिकामा हंडा काखेत धरून तंबूकडे बघत उभी होती. कंचनबाईंनी तिलाच विचारलं. तिचं नाव भागू.

"ते व्हय? आमचे बावीचं पानी," भागू म्हणाली. बाव म्हणजे त्यांची विहीर. "दर आयतवारी यांचा टेंपो येतो, पिंपा भरून नेतो. पावणे आले की आमची बाव तळ दावते. मंग आमी सांजपतूर बसतो, झरा भरंल म्हनून."

"मग तुम्ही इथे का उभ्या?"

"पावणे गेले की उरलंलं वतून देतात. बगते, आज काय उरतंय."

शेठनी तिच्या रिकाम्या हंड्याकडे पाहिलं. पोटात दोन पेले गोडं पाणी होतं.

त्या तिघी पुढे आणि शेठ मागे, असे ते गावात गेले. बावीच्या काठावर हंड्यांची रांग होती आणि बायका सावलीला बसल्या होत्या. कंचनबाईंनी गडू सोडला. दोरी अपुरी पडली, इतकं पाणी खाली गेलेलं. नथमलशेठनी खांद्यावरचं उपरणं काढून दोरीला बांधलं. गडू खाली टेकला, कडीची दोरी ओढली, गडू कलंडला. माझ्या अंगावरून उतरलेले ते जीव आपल्या घरी गेले. मी पाहिलेलं सगळ्यांत खोल घर ते.

बस सुटायच्या वेळी साहेब कागद घेऊन दारात उभे होते. "शेठ, उद्या हा दर राहणार नाही!"

"नसू दे," शेठ म्हणाले. मग बायकोकडे वळून हळूच, "तुझा समुद्र मात्र राहिला."

"राहिला कुठे? बघितला की. पाय भिजवले. तो काय वर्षाला आठ दिवस बांधून ठेवायचा असतो होय?"

त्या रिसॉर्टचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. पुढच्या रविवारी बस दुसऱ्या गावाला गेली असेल. भागूच्या हंड्यात त्या दिवशी काय पडलं, हेही मला कळलं नाही, आणि ते मात्र अजून माझ्या दोऱ्यांत अडकून आहे.

अवसरीला विहीर झाली. पाणी लागलं त्या आठवड्यात ठकूबाई एस्टीने मंचरला आल्या, मांडीवर भरलेली कळशी घेऊन. कंचनबाईंनी मला पसरलं, पाणी गाळलं, जिवाणी गडूत धरली, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"अहो ठकूबाई, हे तर तुमच्या विहिरीत सोडायला हवं. म्हणजे आता मला अवसरीला यायला लागणार!"

"मंग? म्हनून तर आनलंय," ठकूबाई म्हणाल्या. "तुमी असं बोलावून कुटं येता!"

त्यानंतर दर साल उन्हाळ्यात एक कळशी यायची आणि कंचनबाईंना अवसरीला जावंच लागायचं. मी पिशवीत असायचो. विहिरीच्या काठावर दोघी पाय सोडून बसायच्या, ठकूबाई माझी ओवी म्हणायच्या, आणि मी बाभळीवर वाळत पडायचो. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

मग भिंतीवर यंत्र आलं. नळ सोडला की पाणी आपोआप गाळून येतं. त्याला बिचाऱ्याला पाण्याचं गाव ठाऊक नाही आणि जे उरतं ते कुठे जातं, तेही ठाऊक नाही. मी पेटीत आलो. परवा जिनेशच्या छोट्या रिद्धीने मला बाहेर ओढलं आणि बाहुलीचा पदर करून पाहिला. मग मला उन्हात डोळ्यांसमोर धरून म्हणाली, "आजी, यातून सूर्य दिसतो!"

झिजलो आहे, मित्रांनो. सूर्य दिसणारच. म्हणून माझं काम आता तुमच्याकडे देतो. कुणी थंडगार, गोडं पाणी हातात ठेवलं, तर जरूर प्या. पण पेला ओठाला लावण्याआधी एकदा विचारा, हे कुठल्या विहिरीचं? आणि त्या विहिरीच्या काठावर कुणी रिकामा हंडा घेऊन बसलं आहे का, ते मान वळवून बघा. मला पेटीतून काढलंत तर हंड्यावर नका पसरू, आता ते बळ नाही. एकदा फक्त अवसरीच्या त्या बाभळीवर वाळत घाला.