आप्पांच्या टेबलावर उरलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे. दचकू नका. माझ्यात आता एकही काडतूस नाही आणि मी ज्या खणात पडून आहे त्याला भलेमोठे कुलूप आहे. माझ्या जातीबद्दल तुम्ही जे ऐकले असेल ते चोर-पोलिसांच्या गोष्टींतून. माझ्या वाट्याला चोर काही आला नाही. एक रखवालदार, त्याची बायको आणि त्याचे सासरे एवढीच माणसे आली, आणि तेवढ्यांनीही माझा जीव टांगणीला लावायचा तो लावलाच.

कारखान्यात पोलादाच्या ठोकळ्यातून मला कापले, घासले, काळीभोर चकाकी दिली. शेवटी जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या पोटातले भाग बसवले. त्यातला एक भाग तुम्हाला सांगून ठेवते. काडतुसावर मागून येऊन आपटतो तो माझा घोडा. या घोड्याच्या वाटेत पोलादाची एक बारीक पट्टी असते. बोटाने चाप ओढला तरच ती बाजूला होते. एरवी ती मध्ये उभी असते, म्हणून मी हातातून निसटून घोड्यावर जरी आपटले तरी गोळी सुटत नाही. दिसायला ती केसांच्या पिनेएवढी, कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशी. पण मी आणि माझ्या आसपासची माणसे यांच्यामध्ये तीच काय ती आडकाठी.

पुढे मी एका मोठ्या गोदामाच्या फाटकावर रुजू झाले. माझा रखवालदार साधा, थोडा भित्रा आणि कमालीचा टापटिपीचा होता. त्याने मला इतके पुसले की माझ्या मुठीवरची नक्षी निम्मी झिजली. तो दूर राहायचा, म्हणून मला घरी न्यायची त्याला परवानगी होती. घरी गेला की आधी काडतुसे काढायची, ती वेगळ्या पेटीत ठेवायची, मग चहा. शस्त्रागाराचे मिस्त्री तोंडाने फटकळ, पण तेही त्याला नव्या गार्डांसमोर उभे करून म्हणायचे, "हत्यार ठेवावं तर असं." तेव्हा मला फार बरे वाटायचे.

तुम्हाला वाटेल, पुढे कधीतरी हिची हेळसांड झाली असेल. तसे नाही. माझ्यावर संकट आले ते अतिकाळजीतून.

एका दुपारी फाटकाजवळची पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली. रखवालदार नखशिखांत भिजला आणि त्याच्या कमरेला मीही. पाणी माझ्या पोटात शिरले. मिस्त्रींचा नियम स्पष्ट होता. बाहेरून खुशाल पुसा, आत हात घालायचा तर तो त्यांनीच. पण हत्यारांची तपासणी जवळ आली होती आणि मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नसे. आपल्या नावाला बट्टा लागेल या धास्तीने रखवालदार मला घेऊन घरी आला आणि सासऱ्यांपुढे ठेवून म्हणाला, "आप्पा, हिला नुसती कोरडी करायचीय."

आप्पांनी जन्मभर शिवणयंत्रे दुरुस्त केलेली. हात सोन्याचा, पण एक खोड होती. त्यांनी उघडलेल्या प्रत्येक यंत्रातून एखादा भाग उरायचाच. "कंपनीवाले दोन भाग उगाच कोंबतात," असे ते ठामपणे सांगत. गंमत म्हणजे ती यंत्रे चालायची. आप्पांकडे गेलेले यंत्र हलके होऊन येते, असे घरात सगळे हसून म्हणत.

त्यांनी मला उघडले, पुसले, तेल दिले आणि पुन्हा जोडले. रखवालदाराने चाप ओढून पाहिला. काडतुसे बसतात ते माझे चक्र जागचे हलेना. आणखी जोर लावला तर अर्धे फिरून रुतून बसले.

आप्पांनी तेल वाढवले. मग तेलच जास्त झाले म्हणून पुसून काढले. मग स्प्रिंगवर संशय घेतला, ती सोडून पुन्हा बसवली. रखवालदाराचा चेहरा उतरत चालला. "उद्या ड्युटीवर काय नेऊ आप्पा? लाटणं?"

"थांब रे. यंत्र आहे ते, रुसलेली बायको नाही. कारण असल्याशिवाय अडत नाही." आप्पांनी डोळे मिटले आणि माझे स्क्रू एकेक करून बोटांच्या चिमटीत फिरवले. तिथे त्यांना सापडले. दोन स्क्रू दिसायला जुळे भाऊ, पण एकाचे टोक बारीक घासलेले. ते चक्र धरून ठेवणाऱ्या दांड्याच्या खाचेत बसायचे, आणि आप्पांनी तिथे दुसराच पिळला होता. अदलाबदल करताच चक्र लोण्यासारखे फिरू लागले.

रखवालदाराला इतका आनंद झाला की त्याने आप्पांचे पायच धरले. मग त्याला टेबलावरच्या वर्तमानपत्रावर पडलेली माझी पट्टी दिसली.

"हे काय उरलं?"

"काही नाही, कंपनीचं ओझं," आप्पा म्हणाले आणि त्यांनी ती खिडकीत सरकवून दिली. रखवालदाराने चार वेळा चाप ओढून पाहिला. मी बिनबोभाट चालत होते. मग त्यानेही विश्वास ठेवला, कारण त्याला तो ठेवायचा होता. मित्रांनो, अडलेली होते तोवर मी कुणाचे वाकडे करू शकत नव्हते. दुरुस्त झाले आणि घातक झाले. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मला तोंड आहे ते बोलायचे नाही.

सकाळी रखवालदार कामावर निघाला. घराबाहेर पडण्याआधी त्याने माझ्यात काडतुसे भरली आणि पट्टा खुर्चीच्या पाठीवर टाकला. खुर्चीमागे फरशीवर त्याची लेक बुटाचे बंद बांधत बसली होती. पट्टा घसरला. मी खाली येताना माझा घोडा थेट फरशीकडे होता. त्याने मला अधांतरी झेलले आणि "आज वेंधळेपणाच चाललाय" असे म्हणून कमरेला बांधले. मला मात्र अजून तो क्षण आठवला की धस्स होते.

तो गेल्यावर, हे मी मागाहून ऐकले, बायको खिडकी पुसायला लागली. ती आप्पांचीच मुलगी, असे उरलेले तुकडे बघतच मोठी झालेली. तिने पट्टी उचलली, आणि ती माझ्यातली आहे हे आप्पांकडून कळल्यावर त्यांच्यासमोर धरली.

"आप्पा, शिवणयंत्रात काही राहिलं तर टाका चुकतो. ह्यात राहिलं तर काय चुकेल?"

आप्पा लगेच उठले. मग चप्पल घालून म्हणाले, "चल."

तिने वाटेतूनच नवऱ्याला फोन केला. "अहो, ती कमरेची काढा, रिकामी करा आणि मिस्त्रींकडे द्या. लाज गेली तरी चालेल."

शस्त्रागारात मिस्त्रींनी पट्टी पाहिली आणि नेहमीसारखे ओरडले नाहीत. त्यांनी गोळी नसलेले, नुसती टिकली असलेले एक काडतूस माझ्यात भरले, मला शिकंज्यात पक्के आवळले आणि घोड्यावर लाकडी हातोडीने हलकेच ठोकले. चापाला कुणीही हात लावला नव्हता. तरी फट्ट असा आवाज सगळ्या खोलीत घुमला.

"सकाळी पट्टा घसरला होता," रखवालदार बायकोला म्हणाला. "खाली छकुली होती." तिने तोंडावर पदर धरला.

"मी उघडली होती," आप्पा म्हणाले. "जावयाला बोल लावू नका."

"बोल दोघांनाही लागेल," मिस्त्री म्हणाले. "आधी ही बसवा. माझ्यासमोर." शिवणयंत्राच्या सुईत अंधारातही दोरा ओवणाऱ्या आप्पांच्या हातून त्या दिवशी पट्टी तिसऱ्या खेपेला जागेवर बसली.

रखवालदाराला बरेच महिने काठी घेऊन फाटकावर उभे राहावे लागले. मी जुन्या पद्धतीची ठरले आणि या खणात आले. आता कुणी पुसत नाही, मुठीवर धूळ साचते. वाईट वाटते, नाही असे नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू कुठे दिसली तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा. आणि मोठे झाल्यावर कुठलेही यंत्र उघडलेत आणि काही उरले, तर ते चालतेय म्हणून पुढे जाऊ नका. मी कशासाठी घडवली गेले हे मी लपवत नाही. तरी माझ्या हातून आजवर कुणी मेले नाही. त्यात माझे काही कर्तृत्व नाही. एका बाईला खिडकीत एक तुकडा दिसला आणि तिने तो केरात टाकला नाही, इतकेच.