एका हाताचे कंस

महाळुंग्यात डाय, म्हणजे साचे, बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, डिझाइनच्या खोलीत ज्ञानेश कामाला होता. ड्रॉइंग काढायची, आणि तेच तेच काम पुन्हा करावं लागू नये म्हणून छोटे प्रोग्राम लिहायचे, ही त्याची नोकरी. प्रोग्रामची भाषा लिस्प. तिच्यात सगळंच कंसात लिहावं लागतं. कंसात कंस, त्याच्याही पोटात कंस, आणि शेवटी बंद कंसांची ही लांब शेपटी.

असे प्रोग्राम लिहायला साधं नोटपॅड पुरतं. ज्ञानेशला मात्र ते पुरत नव्हतं. त्यानं इमॅक्स नावाचा एडिटर घेतला होता आणि तो आपल्या मापाचा करून घ्यायचा त्याला नाद लागला होता. कंसाच्या प्रत्येक जोडीला वेगळा रंग हवा. रंग आले, तर ते डोळ्यांत खुपतात म्हणून फिके हवेत. कर्सर लुकलुकायला नको. लुकलुकायचा थांबला, तर सापडत नाही म्हणून पुन्हा लुकलुकायला हवा. रहाटणीहून येताना कंपनीच्या बसमध्येसुद्धा तो फोनवर इतरांच्या सेटिंगा वाचत बसायचा. त्याची स्वतःची सेटिंगची फाइल नऊशे ओळींवर गेली होती. त्या महिन्यात कंपनीसाठी लिहिलेला प्रोग्राम होता चाळीस ओळींचा.

"ज्ञानेशराव, नवरी नटवून झाली आसंल तर लग्नाचं बी बघा," मालक रणजीतशेठ दारातून म्हणायचे. "आमी आक्षता घिऊन उभं हाय कवाचं." शेठ गावचेच. कारखाना उभा होता तिथं त्यांच्या आजोबांची बाजरी व्हायची.

पण सगळ्यात जास्त चिडवायचे ते नागसेनभाऊ. पन्नाशी ओलांडलेले, टूलरूममधून वर आलेले, वीस वर्षं नोटपॅडमध्येच लिस्प लिहिलेले. कंस मोजताना त्यांचे ओठ हलायचे, पोरं पाढे घोकतात तसे.

"आमच्या वेळी कंसाला रंग नव्हता बाबा," ते म्हणायचे. "एक चुकला की सगळा प्रोग्राम बोंबलायचा. त्यातनंच शिकलो."

ज्ञानेश हसण्यावारी न्यायचा. पण मनाला लागायचं, कारण बोलणं खोटं नव्हतं.

मार्चमध्ये नागसेनभाऊ चाकणला स्कूटरवरून घसरले आणि डावा हात मोडून बसले. सहा आठवड्यांचं प्लॅस्टर. तरी पाचव्या दिवशी गळ्यात झोळी अडकवून हजर. एका मोठ्या प्लेटमध्ये तीनशे बारा भोकं पाडायची होती. प्रत्येक भोकाची जागा ड्रॉइंगमधून उचलून तक्ता करणारा प्रोग्राम त्यांनी अर्धा लिहिला होता, आणि पुढचा अर्धा फक्त त्यांच्या डोक्यात होता. खाली मशीनवाले तक्त्याची वाट बघत होते.

आता गोल कंस काढायला शिफ्ट धरून नऊ नाही तर शून्य दाबावा लागतो. नागसेनभाऊंचा एकटा उजवा हात कीबोर्डवर खेकड्यासारखा पसरला. दुपारपर्यंत अकरा ओळी झाल्या आणि मनगट दुखायला लागलं. शेजारच्या टेबलावरची दिपाली, मूळची लातूरची, मदतीला आली.

"भाऊ, तुम्ही सांगा, मी टाइप करते."

"कंस उघड. अजून एक उघड. बंद कर."

"कोणता बंद करू?"

"मधला."

"मधले चार हाईत की भाऊ!"

दोघंही कंसांत हरवले. तेव्हा ज्ञानेश उठला. "भाऊ, मी काही करून देऊ का?"

"कर. आता तूच राहिलास," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला आणि नागसेनभाऊंच्या कॉम्प्युटरवर आपल्या नऊशेच्या नऊशे ओळी चढवून मोकळा झाला. भाऊ आले, बसले, दोन बटणं दाबली, आणि स्क्रीनचे मधोमध दोन भाग झाले.

"अरे, मला हात एक, आणि तू खिडक्या दोन दिल्यास होय?"

खोली हसली. ज्ञानेशचे कान लाल झाले. जेवायच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला नाही. खुर्ची ओढून तो भाऊंच्या शेजारी बसला आणि बराच वेळ नुसता त्यांचा हात बघत राहिला. मग विचारलं, "भाऊ, तुम्हाला नेमकं अडतंय काय?"

"कंस. दुसरं काही नाही. ते रंगबिंग काढ, गरगरतं मला."

ज्ञानेश एकेक सेटिंग काढायला लागला. जिवावर येत होतं. शेवटी सहा ओळी उरल्या. चौकोनी कंसाच्या बटणाला शिफ्ट लागत नाही, आणि त्यांच्या प्रोग्रामांत चौकोनी कंस कधी येत नाही. त्यानं त्या बटणावर गोल कंस बसवला. एकदा दाबलं की उघडा आणि बंद जोडीनंच येणार, कर्सर मध्ये.

भाऊंनी एका बोटानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

"बंदचा आपोआप आला?"

"हो."

"म्हणजे मोजायचं नाही?"

"नाही."

"मग मी वीस वर्षं कुणासाठी मोजत होतो रे?" असं म्हणून भाऊ कामाला लागले.

तिसऱ्या दिवशी तक्ता बाहेर पडला. भोकं तीनशे बाराच्या तीनशे बारा. रणजीतशेठ वर आले तेव्हा नागसेनभाऊंनी ज्ञानेशकडे मान वळवली. "बटण यानं दिलं. नाहीतर मी अजून पहिल्याच भोकात असतो."

"व्हय का?" शेठ ज्ञानेशकडे बघत राहिले. त्या दिवशी नवरीचं नाव न काढता ते तक्ता घेऊन खाली गेले.

एप्रिल संपताना प्लॅस्टर निघालं. ज्ञानेश म्हणाला, "भाऊ, आता जुनं नोटपॅड परत लावून देऊ?"

नागसेनभाऊंनी आपला बारीक झालेला डावा हात कीबोर्डवर आडवा ठेवला. "हात लावायचा नाही." मग दिपालीचं लक्ष नाही असं बघून आवाज खाली आणला. "ते रंगाचं काय होतं रे? फार नको. एकच लाव, हिरवा."

ज्ञानेशनं हिरवा लावला. तो पोपटी निघाला. दुसरा लावला, तो शेवाळासारखा. साडेपाचला दिपाली पर्स उचलून म्हणाली, "अहो, बस सुटतीय!" दोघांनीही ऐकलं नाही. बस गेली. सहा वाजता दोघं रस्त्यावर सहाआसनी रिक्षाची वाट बघत उभे होते आणि कंसाला मेथीचा हिरवा शोभतो की कोथिंबिरीचा, यावर हमरीतुमरीवर आले होते.