तळ्याचा शेरा

आमच्या उमरीकडच्या गावतळ्याची सरकारी पाहणी मे महिन्यात माझ्याकडेच आली. मी कागदावर लिहिलं, ‘हंगामी पाणथळ, सध्या कोरडे, उपयुक्तता कमी.’ सोबत आलेले माझे वडील हसले.

“तनुजा, तळ्यालाच नापास करून राहिलीस? त्याचं काम खालच्या शिवारात बघावं लागतं, माय.”

“आबा, पाहणी तुमची की माझी?”

दुसऱ्या पहाटे आबा झोपेतच गेले.

दहाव्याच्या आंघोळीला तळ्याच्या खालच्या शिवारातल्या विहिरीतून पाणी काढलं. भर उन्हाळ्यात पोहरा चार हातांवरच बुडाला; पावसाळ्यात तळ्यात मुरलेलं पाणी इथं उतरलं होतं. घरी येऊन मी शेरा खोडला आणि आबांच्या फोटोसमोर मोठ्यानं म्हणाले, “आबा, तुमचं बरोबर होतं. पाण्यातलं मला जे कळतं, ते तुम्हीच शिकवलंय.”