चाकांवरची खोली

विश्वासराव घाटग्यांना साठीला फिरायचं खूळ लागलंय, असं चामराजपेटेतल्या त्यांच्या सगळ्या गणगोताचं ठाम मत झालं होतं. त्यात गणगोताचीही चूक नव्हती. पस्तीस वर्षं कारखान्यात नोकरी करताना ज्या माणसाने म्हैसूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही, तो निवृत्त झाल्यावर एकदम गाडीमागे ओढायची खोली करून घेतो म्हणतो, तीही आत पलंग, शेगडी आणि संडास असलेली, तर लोक दुसरं काय म्हणणार? बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली आणि हे निघाले देश बघायला, असंही काही जणांनी म्हणून घेतलं. विश्वासरावांनी सगळं मुकाट ऐकलं. खरं कारण सांगायची त्यांना सोय नव्हती.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, हर्षिताचं, बाळंतपण अडलं होतं. आधीची दोन मुलं राहिली नव्हती. त्या वेळी त्यांच्या बायकोने, भाग्यलक्ष्मीने, तुळजापूरच्या देवीला नवस केला, की दोघांना सुखरूप सोडव, मी स्वतः तुझ्या दारी येऊन ओटी भरीन. मूल झालं, आता तो नातू शाळेत जाऊन मास्तरांना छळतो. नवस मात्र राहिला. एक वर्ष बाळाच्या कौतुकात गेलं, पुढचं मुलाच्या, अभिराजच्या, लग्नात, आणि त्यानंतर भाग्यलक्ष्मीच्या मणक्यांनी असा दगा दिला की दहा मिनिटांच्या वर बसणं होईना. आडवं पडलं तरच जिवाला जरा बरं. नवस राहिला म्हणूनच पाठ गेली, हे तिच्या मनाने घेतलं होतं, आणि तिच्या मनाने एकदा घेतलं की डॉक्टरांच्या बापाचंही तिथे काही चालत नसे.

रेल्वेने न्यायचा एकदा प्रयत्न झाला होता. स्टेशनच्या जिन्यावरच ती घामाने भिजली आणि दोघं परत आले. विश्वासरावांनी रुग्णवाहिका सुचवली तर तिने स्पष्ट सांगितलं, की देवीच्या दारात मी त्या गाडीतून उतरणार नाही.

आणि हे कुणाला सांगायचं म्हटलं तर घाटग्यांच्या घराची रीत आडवी येत होती. नवस बोलणारा आणि तो ज्याला पहिल्यांदा सांगेल तो, अशा दोघांतच नवस राहायचा. फेडून होण्याआधी तिसऱ्या कानावर गेला की गेला वाया. विश्वासरावांचे आजोबा खंडोजी अकरा वर्षं अनवाणी हिंडले, ते का, हे नवस फिटल्यावरच घरच्यांना समजलं होतं. त्यामुळे तुळजापूर हे नाव नवरा-बायको दार लोटून घेऊनच काढत.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत बहिणीचा मुलगा गिरीराज अमेरिकेहून परतला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या कंपनीने त्याला दोन वर्षं तिकडे पाठवलं होतं. येताना त्याने चॉकलेटं, परफ्यूम आणि का कोण जाणे, चाकांवरच्या घरांचा एक जाडजूड कॅटलॉग आणला. विश्वासरावांनी तो चाळायला घेतला आणि तिसऱ्या पानावर त्यांचा हात थांबला. खोली, खोलीत पलंग, पलंगाशेजारी खिडकी. माणूस आडवा पडून हवा तिकडे जाईल.

"गिरी, ही इथे करून घेता येईल का रे?" त्यांनी विचारलं.

"कशाला मामा?"

"फिरायला," विश्वासराव म्हणाले. खोटं बोलायची सवय नसल्याने त्यांचे कान लाल झाले.

गिरीराजला मात्र नवं खेळणं मिळालं. त्याने समजावून सांगितलं, की साधा ट्रेलर गाडीच्या मागच्या हुकाला अडकवतात, तो वेगात शेपटीसारखा हलतो. हा दुसरा प्रकार, याला तिकडे पाचवं चाक म्हणतात. ओढणाऱ्या पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर, एक आडवी गोल तबकडी बसवायची. डब्याचं पुढचं नाक उंच असतं, ते पिकअपवर येतं आणि त्याच्या खालचा खुंट तबकडीत अडकतो. वजन आसावर पडतं, डबा डोलत नाही. डोलत नाही म्हटल्यावर विश्वासरावांनी दुसरं काही बघितलंच नाही.

डबा बांधायला बोम्मसंद्र्याचा गुंडो ठरला. मूळचा बेळगावकडचा, टेम्पोच्या बॉड्या बांधणारा. त्याच्या हातचं काम पिढ्यान्‌पिढ्या टिके, कारण जिथे एक अँगल पुरे तिथे तो तीन लावत असे.

"स्वल्प जाड पत्रा घालू अण्णा," तो म्हणाला. "हत्ती बसला तरी वाकायचा नाही."

"हत्ती बसणार नाहीये," गिरीराज म्हणाला. "हलका पाहिजे. इथल्या पिकअपची ताकद केवढी, तिने ओढायचं केवढं. आणि मामा, डबा रिकामा किती भरतो हे विचारूच नका. पाणी, सिलिंडर, भांडीकुंडी, गाद्या घालून किती, ते विचारा. त्याचा पाचवा हिस्सा पिकअपच्या पाठीवर बसणार."

मग सुरू झाली निवड. जीप बघितली, ती गिरीराजने नापास केली, मागे एवढं ओझं पडलं की तिचं तोंड वर होणार. मिनी ट्रक बघितला, तो ओढेल, पण त्याच्या दणक्यांनी डब्यातल्या भांड्यांचे तुकडे होतील. दोन रांगांच्या सीटचा पिकअप आवडला होता, पण त्याचा हौदा आखूड, वळणावर डब्याचं नाक केबिनला घासणार. शेवटी लांब हौद्याचा, पुढे सीटची एकच रांग असलेला जुना डिझेल पिकअप पसंत पडला. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियम, जाड फळीऐवजी प्लायवूड. गुंडो प्रत्येक अँगल कमी करताना घरातलं माणूस परगावी पाठवल्यासारखा चेहरा करी.

विश्वासराव रोज संध्याकाळी घरी आले की हात-पाय धुऊन भाग्यलक्ष्मीच्या पलंगाशी बसत आणि दिवसभराची हकीकत सांगत. ती छताकडे बघत ऐके आणि नेमकं विचारी. पंखा असेल का? पाण्याची टाकी उन्हात तापली तर? उताराला ब्रेक मागच्या चाकांना लागेल की पुढच्याच? विश्वासरावांना उत्तर आलं नाही की दुसऱ्या दिवशी ते गिरीराजला विचारून येत. इतकं ती लग्नानंतरच्या तीस वर्षांत त्यांच्याशी बोलली नसेल.

खरी चूक झाली ती जुलैमध्ये. डब्याच्या नकाशावर वजनाची बेरीज करताना अजून शंभर किलो जास्त होतंय, असं दिसलं. गिरीराजने पेन्सिल घेतली आणि खालचा, चाकांजवळचा पलंग खोडून टाकला.

"हा कशाला?" विश्वासराव चमकून म्हणाले.

"वर नाकात मोठा पलंग आहेच की. तीन पायऱ्या चढल्या की झालं."

"खालीच असलेला बरा रे."

"का पण? रात्री डबा उभा केल्यावरच झोपायचं ना? मग वर काय अन् खाली काय?"

विश्वासरावांच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य, तेवढंच. गुंडो हातात फूटपट्टी घेऊन त्यांच्याकडे बघत होता. त्यांना आजोबांचे भेगाळलेले तळवे आठवले. आणि 'उभा केल्यावरच' हा शब्द कानात खटकला होता, तोही त्यांनी गिळला. पलंग आहे म्हणजे माणूस झोपणारच, त्यात विचारायचं काय? बायकोला उचलून तीन पायऱ्या चढवू, त्यात काय मोठंसं, असं त्यांनी मनाला बजावलं.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "खोड."

डबा तयार व्हायला दसरा उलटला. पांढरा, निळ्या पट्ट्याचा, आणि गुंडोने केला असूनही हलका. चाचणीच्या दिवशी विश्वासराव सकाळीच बोम्मसंद्र्याला गेले. गिरीराजने पिकअप मागे घेतला, खुंट खटकन तबकडीत बसला. गुंडोने नारळ फोडला.

"मी आत पडून बघतो," विश्वासराव म्हणाले.

गिरीराज हसला. "मामा, ओढल्या जाणाऱ्या डब्यात माणूस बसवायला परवानगी नसते. तिकडे अमेरिकेतसुद्धा बऱ्याच ठिकाणी नाही. सगळ्यांनी पुढे केबिनमध्ये बसायचं. हा फक्त मुक्कामाला."

"ह्या गल्लीपुरतं. मला बघायचंय."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की गिरीराजने वाद घातला नाही. विश्वासराव तीन पायऱ्या चढले. वर छत इतकं जवळ होतं की गुडघ्यावर रांगतच पलंगावर जावं लागलं. दोघांनी उचललेलं माणूस इथे येणार कसं? ते आडवे झाले. पिकअप निघाला. बैलगाडीच्या वेगाने चालला होता, तरी रस्त्यातला पहिलाच खड्डा नाकातून थेट त्यांच्या पाठीत शिरला. दुसऱ्याला डोकं आपटलं. तिसऱ्याला ते उलट्या हाताने कड धरून नुसते पडून राहिले. आणि तुळजापूर सहाशेच्या वर किलोमीटर होतं.

गाडी थांबल्यावर ते उतरले आणि चाकाला टेकून खाली बसले. गिरीराज धावत आला, लागलं का म्हणून विचारू लागला. विश्वासरावांनी मान हलवली आणि सगळं सांगून टाकलं. हर्षिताचं बाळंतपण, नवस, ओटी, तिसरा कान, सगळं. बोलताना त्यांना आपल्या मूर्खपणाची इतकी लाज वाटत होती की ते सगळा वेळ टायरकडे बघून बोलले.

गिरीराज त्यांच्याशेजारी उकिडवा बसला.

"मामींना झोपवून न्यायचं होतं?" तो म्हणाला. "मामा, जानेवारीत एवढं एक वाक्य बोलला असतात तर यातलं काही लागलं नसतं. एक व्हॅन घ्यायची, मागच्या सीट काढायच्या, तळाला पलंग पक्का करायचा, खाली जाड फोम. आपण शेजारी बसायचं. गुंडो आठ दिवसांत करून देईल."

"आठ कशाला," गुंडो म्हणाला. "चार."

चार दिवस. दहा महिने ते सगळ्या जगाला विचारत हिंडले होते, फक्त जे विचारायचं तेवढं सोडून. पण रागावण्याइतकी उसंत विश्वासरावांनी स्वतःला दिली नाही. नवस आणखी दोघांच्या कानावर गेला होता, तो जाऊ दे. देवी काही कचेरीतला कारकून नाही. चार दिवसांत व्हॅन, पुढच्या आठवड्यात तुळजापूर. बसमध्ये उभ्याने येतानासुद्धा ते मनात पलंगाची मापं घेत होते.

घरी सुनेने, शिवानीने, दार उघडलं. त्यांनी चपला काढता काढताच तिला सगळं सांगितलं. आता एक कान काय अन् पाच कान काय. शिवानी ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना, तेव्हा ते थांबले.

"काय झालं?"

"मामंजी, स्वल्प आत या," ती म्हणाली आणि त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे ओट्याकडे तोंड करून, हलक्या आवाजात तिने सांगितलं. "श्रावणात तुम्ही बोम्मसंद्र्याला गेला होता, त्या दिवशी डॉक्टर आले होते. पाठीचा एक्स-रे बघून म्हणाले, मणके फार ठिसूळ झालेत. आता झोपवूनही कुठल्याच गाडीतून न्यायचं नाही. एक दणका बसला तर पाय जातील."

"मला कुणी बोललं नाही."

"अत्तेंनी शपथ घातली मला. यांनासुद्धा नाही सांगितलं मी," ती सासूच्या खोलीकडे बघत म्हणाली.

"का पण?"

शिवानीने पदर तोंडाला लावला. "म्हणाल्या, ते रोज येऊन गाडीचं सांगतात, तेवढा वेळ मला जाऊन आल्यासारखं वाटतं. त्यांना कळलं तर सांगायचे बंद होतील."

विश्वासराव तिथेच उभे राहिले. कुकरची शिट्टी झाली, शिवानीने गॅस बारीक केला. करण्यासारखं काही म्हणता काही उरलेलं नव्हतं. डॉक्टरांशी भांडता आलं असतं, गिरीराजला बोल लावता आले असते, देवीलाही लावता आले असते. कशानेच तो मणका जुळणार नव्हता. श्रावणापासून ती रोज ब्रेकचं आणि पंख्याचं विचारत होती, आणि तिला सगळं माहीत होतं.

"मला सांगितलंस हे तिला सांगू नकोस," ते म्हणाले.

त्यांनी मोरीत जाऊन हात-पाय धुतले. तोंडावर दोनदा पाणी मारलं. मग खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

"आज उशीर झाला," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "झाली चाचणी?"

"झाली. पण तो डबा नको. वरचा पलंग फार उंच झालाय. तुला चढवायला त्रास."

"अय्यो. मग आता?"

"आता व्हॅन बघायची. गिरी म्हणतो तीच बरी."

"कुठली व्हॅन?" तिने छतावरची नजर काढून त्यांच्याकडे वळवली. "एकच बघितली की दोन-तीन?"

विश्वासरावांनी एकही बघितली नव्हती.

"तीन," ते म्हणाले. "पहिली जरा लहान आहे, पण तिचं दार बाजूला सरकतं. त्यामुळे तुला आत घेताना वाकवावं लागणार नाही."

"आणि दुसरी?"

त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि दुसरीचं सांगायला सुरुवात केली.