अकरा श्वास

आत्यानं फडक्याला हात पुसले, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि भाच्यानं पुढं केलेला कागद खिडकीच्या उजेडात धरला. टेबलावर सोललेल्या मटारचं पातेलं होतं, शेजारी टरफलांचा ढीग. तो समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकला होता. उठून पळायची वेळ आली तर सोय असावी, तसा.

"नुसती सही करायचीय गं," तो म्हणाला. "जुन्या आवाजांचा संग्रह काढताहेत. बसस्थानकावरच्या घोषणा वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"म्हणजे... तसलंच सगळं."

बावन्न वर्षांचा बाप्या, कल्ले पांढरे झालेले, आणि थाप मारताना अजून उजव्या कानाची पाळी चोळतो. लिफ्टमध्ये त्यानं हीच वाक्यं तीनदा म्हणून पाहिली होती. तिथं ती खरी वाटली होती.

पंचाईत अशी, की आत्याला मनातल्या मनात वाचता येत नसे. एकोणीस वर्षं तिनं बसस्थानकावर घोषणा दिलेल्या. कागद हातात आला की तोंड उघडणारच. अठ्ठ्याहत्तरी आली तरी शब्द न् शब्द सुटा, धुऊन वाळत घातल्यासारखा.

"'चारचौघांत' या बँडच्या," ती वाचू लागली, "पहिल्या कॅसेटला तीस वर्षं पूर्ण झाल्यानिमित्त..."

झालं! थाप पहिल्याच ओळीत आडवी झाली. त्यानं कान सोडला आणि टरफलांकडे बघत बसला.

'चारचौघांत' म्हणजे तो आणि त्याचे तीन मित्र. वयं बावीसच्या आसपास, अक्कल त्याहून बरीच कमी. शिंप्याच्या दुकानामागची खोली, ताल धरणारं एक मशीन, दोन जुने टेपरेकॉर्डर, आणि चारचौघांत जे करू नये तेवढंच करायचं असा पण. एकदा चौघं नुसते टॉवेल गुंडाळून स्टेजवर उभे राहिले होते. पण नाव झालं ते 'आत या' या गाण्यानं. खाली धपाधप ताल आणि वर एका बाईचा अदबशीर आवाज: "सावकाश आत या. अजून आत या. घाई करू नका. मागच्यांना जागा द्या." वाक्यं अगदी सभ्य हो, आजीबाईंनाही ऐकवावीत अशी. घात केला तो श्वासांनी. प्रत्येक वाक्याच्या आधी एक लांब, जवळून घेतलेला श्वास, आणि मग तोच पुन्हा, आणि पुन्हा. रेडिओनं बंदी घातली. दोन कॉलेजांनी पोलीस बोलावले. बंदी म्हटल्यावर काय विचारता, गावभर पोरं त्याच गाण्यावर घाम गाळू लागली.

वाक्यं आत्याच्या घोषणांमधली होती. श्वासही तिचेच.

कॉलेज सुटलं की तो तिच्या खोलीत जाऊन बसायचा. काचेपलीकडे बसगाड्या, अलीकडे माइक आणि टेपचं मशीन. रोजच्या घोषणा ती आधीच टेप करून ठेवायची. तिनं दोन बोटं वर केली की त्यानं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं. नंतर ती ब्लेडनं टेप कापायची आणि जोडायची, आणि वाक्याआधीचा श्वास दर वेळी काढून टाकायची.

"श्वास लोकांना ऐकवायचा नसतो, छोट्या," ती सांगायची. "घोषणा त्यांची. श्वास आपला."

ते बोटभर तुकडे ती पत्र्याच्या एका डबीत ठेवायची. कुठं दोन शब्दांमध्ये जागा भरायला लागलेच तर असावेत म्हणून. एके दिवशी ते तुकडे आणि घोषणांची एक टेप त्याच्या दप्तरातून शिंप्याच्या दुकानामागं गेली. डबी त्यानं झाकण लावून होती तिथं ठेवली.

पुढं स्थानकावर काय झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. आत्यानं घोषणा दिली की पोरं ओरडायची, "येऊ का?" काचेला नाक लावून धापा टाकायची. तीन महिन्यांत तिला माइकवरून काढून हरवल्या-सापडल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. घरी ती म्हणाली, घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय. त्यानं ते मुकाट्यानं मानलं, कारण मानण्यात त्याची सोय होती.

आत्याचं वाचन चालूच होतं. "वापरलेला आवाज: एक स्त्री. वाक्यं, चार. श्वास, अकरा."

ती थांबली.

"अकरा नाहीत," ती म्हणाली. "बारा होते."

"बारावा कापताना फाटला."

बोलून गेल्यावर त्याला कळलं, आपण काय बोललो ते. तीस वर्षं दातांमागं दाबून धरलेलं, आणि ती नुसती हिशेबातली चूक सांगते म्हटल्यावर सुटलं तोंडून.

आत्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ब्लेड तिरकं धरायचं असतं. शंभरदा सांगितलं होतं."

"तुला माहीत होतं?"

"अरे, माझा श्वास मला कळणार नाही? स्थानकासमोरच्या कॅसेटच्या दुकानात लागलं होतं. तशीच माझ्या खोलीत गेले, डबी उघडली. रिकामी."

"मग तू कुणाला..."

"साहेबांनी विचारलं, टेपला हात कोण लावतं? म्हटलं, मी एकटी. तुझं नाव घेतलं असतं तर पोलीस दारात आले असते. आणि माझ्या दादानं तुला उभा सोलला असता."

एक टरफल उचलून त्याचे तो बारीक बारीक तुकडे करत राहिला. धरणी दुभंगून पोटात घेते म्हणतात, पण तिसऱ्या मजल्यावर तीही सोय नसते.

"गाण्याचं मला एवढं नाही लागलं," आत्या म्हणाली. "पोरं वात्रट असतात. माइक गेला त्याचं लागलं, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं लोकांच्या छत्र्या सांभाळल्या मी. पण तेही गिळलं." तिनं कागद टेबलावर ठेवला आणि हातानं सारखा केला. "गेल्या महिन्यात रेडिओवर तुझी मुलाखत झाली. त्या मुलीनं विचारलं, तो आवाज कुणाचा? काय म्हणालास?"

त्याचे कान तापले.

"सांग की. सगळ्यांना सांगितलंस, मला सांगायला काय झालं?"

"आत्या, जाऊ दे ना."

"'कुठलीतरी बाई होती. आता हयातही नसेल.'" तिनं त्याचं वाक्य त्याच्याच हेलात म्हणून दाखवलं. "मी इथंच बसले होते. असाच मटार सोलत."

स्टुडिओत ते वाक्य किती सहज निघालं होतं! मुलाखत घेणारी मुलगी हसली होती, तोही हसला होता. ते ऐकून कॅसेट पुन्हा काढणाऱ्या कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला: हयात नसेल तर वारसांची सही आणा. वारस कुठून आणणार? म्हणून आज हा कागद, ही लिफ्ट, ही संग्रहाची थाप.

"चुकलो मी," तो म्हणाला. "लाज वाटते गं मला. तेव्हाही वाटत होती. म्हणूनच नाही सांगितलं कधी."

"चूक म्हणजे जोड चुकणं," आत्या म्हणाली. "हे तू कापलंस."

खालच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची ओढली. मग आत्यानं पुन्हा कागदावर बोट ठेवलं.

"'नाव जाहीर करू नये' यावर खूण कुणी केली? मी तर अजून पेनही धरलं नाही."

"मीच. मला वाटलं, तुला लोकांत नको असेल."

"मला नको असेल?"

त्यानं मान खाली घातली. पेन पुढं केलं. तिनं ती खूण आडव्या रेघेनं खोडली आणि खाली सही केली, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मग कागद फिरवून त्याच्यापुढं सरकवला.

"ही जागा कोरी आहे. बँडशी असलेलं नातं. ती तू भर."

त्यानं लिहिलं. चार शब्द लिहायला त्याला बराच वेळ लागला, आणि अक्षर शाळेतल्यासारखं आलं.

"आता वाच," आत्या म्हणाली. "मोठ्यानं. पुढच्या आठवड्यात रेडिओवर जाऊन वाचायचंच आहे तुला."

तो वाचायला गेला. पहिल्याच शब्दाला अडखळला. त्यानं खाकरून पुन्हा सुरुवात केली, तो पुन्हा तिथंच अडला.

"आधी श्वास घे."

त्यानं घेतला. मोठा, फाटका, अर्धा रडका श्वास. स्वयंपाकघरात तो अगदी स्वच्छ ऐकू आला.

आत्यानं मटारचं पातेलं बाजूला सारलं आणि पूर्वीसारखी दोन बोटं वर केली.

"ही माझी सख्खी आत्या," त्यानं वाचलं.