पायाशी पडणारा चेंडू

माझ्या लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण एका जागी बसलेली ती कुणी पाहिलेली नाही. तिला शाळेच्या बेसबॉल संघात जायचं होतं. मागच्या वर्षी निवडीच्या दिवशी सरांनी तिला पहिल्याच फेरीत परत पाठवलं, तेव्हा घरी येऊन ती बुटांसकट पलंगावर पडली आणि तशीच झोपली. यंदा तिचं त्या शाळेतलं शेवटचं वर्ष. झालं तर आत्ता, नाहीतर राहिलंच.

तयारी तिचे बाबा करून घेणार होते. ते ट्रक चालवतात, आणि घरी असले की त्यांना सगळं येत असतं. "फक्त माझ्या हाताखाली राहा," त्यांनी भिंगरीला सांगितलं होतं, "मग तुला कोण घेत नाही ते बघतो." आणि नेमकी तेव्हाच त्यांना लांबची फेरी लागली. नवरोबांचं हे नेहमीचंच. शब्द देऊन जातात, निस्तरायला मी असतेच.

शाळेतल्या बाकी मुलींच्या जोड्या आधीच जमलेल्या होत्या. चेंडू एकटीला फेकता येतो, पण फेकला की तो घ्यायला आणि परत टाकायला समोर कुणीतरी लागतं. भिंगरीने आजूबाजूला पाहिलं, तर उरलेली मीच.

मी एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करते. मोठ्या मशीनमधून चादरी पिळून निघतात त्या दोरखंडासारखा पीळ पडूनच. मग दोघींनी चार कोपरे धरायचे, हात वर न्यायचे आणि चादर खाली फाडकन झटकायची. सुरकुती मोडली की चादर इस्त्रीच्या रोलरखाली सरकवायची आणि पुढची उचलायची. माझ्या समोरचे दोन कोपरे धरायला माझी नणंद असते. घरी नणंद, कामावर नणंद, देवाने मला या बाबतीत काही कमी केलेलं नाही. माझं लग्न झालं त्याच वर्षी तिनेच मला इथे लावलं, आणि तेव्हापासून आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी झटकतो आहोत.

लाँड्रीच्या मागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे. सिमेंट केलेलं, पण जागोजाग उखडलेलं, आणि मधोमध पाणी जायला लोखंडी जाळी. माझी पाळी सुटायची आणि भिंगरीची शाळा सुटायची वेळ जवळपास एकच, म्हणून सराव तिथे करायचं ठरलं. आतेभावाचा जुना ग्लोव्ह तिने मागून आणला. मला म्हणाली, "आई, काही अवघड नाही. माझ्या छातीकडे टाकायचा, बस."

मी पहिला चेंडू टाकला. तो तिच्यापासून हातभर अलीकडे सिमेंटवर आपटला, उसळला आणि तिच्या नडगीवर बसला.

"आई, छातीकडे."

"छातीकडेच टाकला होता."

दुसराही तिथेच पडला. तिसरा जाळीवर पडला आणि बाजूच्या टेम्पोखाली गेला. पोटावर सरपटत भिंगरीने तो काढला आणि कपडे झटकत परत आली. मी जोर कमी केला, तर चेंडू आणखी अलीकडे पडायला लागला. जोर वाढवला, तर तिच्या अगदी पायाशी आदळून वाटेल तिकडे उडायला लागला. बिचारी कधी गुडघ्यावर बसायची, कधी आडवी पडायची, कधी ग्लोव्ह उलटा करून जमिनीला घासत न्यायची. सरळ हातात चेंडू म्हणून काही तिला मिळाला नाही.

संध्याकाळी फोनवरून बाबांचा सल्ला आला. "अगं, मनगट वापरू नकोस. खांद्यातून टाक."

"माझा खांदा चादरींनी खाल्लाय," मी म्हटलं. "तुमचा इकडे पाठवून द्या."

रोज हेच चाललं. भिंगरीच्या नडग्या निळ्या पडल्या. काही दिवसांनी तिला दहातले चार-पाच चेंडू सापडायला लागले, मग सात-आठ, पण त्याचं तिला काही वाटत नव्हतं आणि मलाही नाही. आमच्या दोघींच्या मते सराव म्हणजे सरळ येणारे चेंडू झेलणं, आणि तो काही होत नव्हता. निवडीचा दिवस तर जवळ येत होता.

मग एका दुपारी माझा चेंडू जाळीच्या कडेला लागून वर उडाला आणि तिच्या ओठावर बसला. रक्त आलं. मी धावले, तर तिने माझा हात बाजूला केला.

"आई, तू एक चेंडू धड टाकत नाहीस. तुझ्याबरोबर खेळून खेळून मी आहे तीही बिघडणार."

"मग भिंतीबरोबर खेळ," मी म्हटलं. "भिंत बिचारी बोलत नाही, आणि कामावरून दमूनही येत नाही."

ती खरोखरच गेली. इमारतीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन भिंतीवर चेंडू मारायला लागली. मी ओला नॅपकिन नेऊन दिला, तो तिने घेतला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मला राग आला होता आणि रागाहून जास्त वाईट वाटलं होतं, कारण पोरगी खोटं बोलत नव्हती. तिचं एवढं एकच मागणं होतं, ते माझ्या हातून होत नव्हतं, आणि तिचा शेवटचा मोका मीच घालवत होते.

दुसऱ्या दिवशी चादर झटकता झटकता मी नणंदेला सगळं सांगितलं. तिने कोपरे न सोडता ऐकून घेतलं.

"वहिनी, घरी निघायच्या आधी मी खिडकीतून बघते रोज," ती म्हणाली. "तू चेंडू टाकतच नाहीस. तू चादर झटकतेस."

"म्हणजे?"

"म्हणजे हात वर नेतेस आणि फाडकन खाली आणतेस. चेंडू जमिनीत जाणार नाही तर काय होईल? आपण घरी उंच दोरीवर ओलं धुणं फेकतो ना, तसं टाक. हात खाली आणायचाच नाही. पुढे जाऊ द्यायचा."

इतकी वर्षं ही बाई माझ्यात खोट काढत आली आहे, पण कामाची खोट ही पहिलीच. मी तिचं ऐकलं. जेवणाच्या सुटीत ओल्या नॅपकिनांचे गोळे करून दूरच्या ट्रॉलीत टाकायला लागले. पहिल्या दिवशी सगळे ट्रॉलीच्या अलीकडे जमिनीवर. इस्त्रीवरच्या बायका डबे उघडून तमाशा बघत बसल्या. "शाळेत तुझंही नाव दे," एक म्हणाली, "मायलेकी एका संघात." मी दातओठ खाऊन टाकत राहिले. हाताला सवय असते ती सुटत नाही. मध्येच एखादा गोळा ट्रॉलीत पडायचा, की मला वाटायचं जमलं, आणि पुढचा पुन्हा पायाशी. पाळी सुटली की पलीकडून भिंगरीचा चेंडू भिंतीवर धप धप वाजत असायचा. घरी ती माझ्याशी 'जेवायला वाढ', 'पाणी दे' एवढंच बोलत होती.

आठवडाभरात हात वळला. मग मी भिंतीपाशी गेले.

"एक चेंडू घे माझा," मी म्हटलं. "मग खेळ भिंतीशी."

तिने नाखुषीने ग्लोव्ह वर केला. मी मनातल्या मनात ती उंच दोरी समोर आणली, ओलं धुणं हातात आहे असं मानलं आणि टाकला. चेंडू सरळ तिच्या छातीसमोर ग्लोव्हमध्ये जाऊन बसला. तिने तो काढून उलटसुलट पाहिला, जणू चेंडूच बदललाय.

"आई, हे कधी शिकलीस?"

"जेवणाच्या सुटीत."

तिने ग्लोव्ह काढला, जवळ आली आणि माझा उजवा खांदा दोन्ही हातांनी दाबून दिला. मला भरून आलं. "पुरे," मी म्हटलं, "उजेड जायच्या आत खेळून घे." त्यानंतर निवडीपर्यंत मी तिला सगळे चेंडू छातीकडे टाकले. दोघींनाही वाटलं की आत्ता कुठे खरी तयारी सुरू झाली.

निवडीच्या दिवशी मला सुटी मिळेना. "चारही कोपरे मी धरते, तू जा," नणंद म्हणाली. चादरीचे चार कोपरे एका बाईला कसे धरता येणार ते तिलाच ठाऊक, पण मी गेले.

पालकांनी कुंपणाबाहेर उभं राहायचं होतं. आधी बॅट. भिंगरीने दोनदा हवेत फिरवली, तिसऱ्यांदा चेंडू लागला आणि लोळत लोळत सरांच्या पायाशी गेला. मग लांब फेकणं. तिने ठीक फेकला, पण ठीक फेकणारे तिथे बरेच होते. एक उंच मुलगी होती, नवा ग्लोव्ह, नवे बूट, तिचा चेंडू पार पलीकडच्या कुंपणाला लागला. सर कुणाशी फार बोलत नव्हते. भिंगरीने एकदा माझ्याकडे पाहिलं. मागच्या वर्षी बूट घालून झोपली होती तेव्हाचाच चेहरा. मी हात हलवला.

शेवटी पहिला बेस. बेस म्हणजे जमिनीवर ठेवलेली पांढरी चौकोनी उशी, खोळ न घातलेली. तिच्यावर एक पाय ठेवून एकाने उभं राहायचं. सर बॅटने चेंडू मैदानात मारणार, तिथली मुलं तो उचलून पहिल्या बेसवर फेकणार, आणि धावणारा उशीपर्यंत पोचायच्या आत, उशीवरचा पाय न उचलता, चेंडू हातात यायला हवा. प्रत्येकाने आळीपाळीने उशीवर उभं राहायचं होतं.

आता सगळ्यांची निवड चाललेली, सर बघताहेत, समोरून कुणीतरी पळत येतंय. पोरं मिळेल तसा चेंडू उचलून फेकत होती. घाईघाईत फेकलेले चेंडू छातीकडे कसले येतात, सगळे आखूड. उशीच्या हातभर अलीकडे आपटायचे आणि वाटेल तिकडे उडायचे. उंच मुलीने लांब छान फेकला होता, पण हे चेंडू तिच्या नडगीला लागून जायला लागले. तिच्यानंतरच्या मुलाने तर पायच मागे घेतला. चेंडू मागे जायचे, पोरं ते आणायला पळायची, सर मान हलवायचे.

मग भिंगरी उशीवर उभी राहिली. पहिला चेंडू तिच्या अगदी पायाशी आपटला. तिने गुडघा टेकला, ग्लोव्ह उलटा करून जमिनीला घासत नेला आणि चेंडू उचलला. पाय उशीवरच. दुसरा डावीकडे उडाला, तिने आडवी होऊन घेतला. तिसरा, चौथा. मी कुंपणाची तार घट्ट धरली होती. हे सगळे चेंडू माझ्या ओळखीचे होते. एकेक माझ्या हातचा होता.

सरांनी तिला उशीवरून हलू दिलं नाही. बाकीच्यांची पाळी आली तरी ती तिथेच. थोड्या वेळाने ते तिच्याजवळ गेले. आवाज कुंपणापर्यंत येत होता.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही, सर. आईबरोबर सराव केला."

"तिचे चेंडू असेच पडतात?"

"याहून वाईट," भिंगरी म्हणाली, आणि इतक्या अभिमानाने म्हणाली की शेजारचे पालक माझ्याकडे वळून बघायला लागले. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, आणि दोन्ही लपवायला हातात एक नॅपकिनसुद्धा नव्हता.

सरांनी तिथेच सांगितलं, पहिला बेस तिचा. त्या रात्री फोनवर बाबा म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी फोन भिंगरीकडे दिला.

दुसऱ्या दिवशी ती लाँड्रीमागे आली ती ग्लोव्ह घालूनच. "आई, आता पूर्वीसारखे टाक. सर म्हणालेत, हाच सराव सोडू नकोस."

मी टाकला. सरळ छातीत. पुन्हा टाकला, पुन्हा छातीत. मुद्दाम खाली टाकायला गेले, तर घरंगळत गेला.

"आई, नीट टाक ना. वाईट टाक."

"येत नाही गं मला आता," मी म्हटलं, आणि खरंच रडकुंडीला आले. ज्यासाठी नॅपकिनांचे गोळे करून सगळ्या बायकांसमोर हसं करून घेतलं, ते शिकणं आता कुणाला नको होतं, आणि जे हवं होतं ते माझं मीच घालवलं होतं.

नणंद खिडकीतून बघत होती. ती पिळलेली ओली चादर घेऊन बाहेर आली आणि दोन कोपरे माझ्या हातात दिले. "धर, वहिनी." आम्ही हात वर नेले आणि चादर झटकली. एकदा, दोनदा, तीनदा. मग तिने चादर काढून घेतली आणि चेंडू माझ्या हातात ठेवला.

मी तो झटकला. भिंगरीच्या पायापासून हातभर अलीकडे तो सिमेंटवर आपटला आणि वाकडा उडाला. तिने गुडघा टेकून तो घेतला.

"असाच," ती म्हणाली. "आणखी एक टाक."