उशिरा आलेला ताप

"वन्सं, आजही ताप नाही. म्हणजे चांगलंच की नाही?"

वहिनी काचेपलीकडच्या पलंगाकडे बघत होत्या. आत दादा उशीला टेकून शब्दकोडं सोडवत बसला होता. डोक्यावर केसाचा पत्ता नाही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि एखादा शब्द अडला की ओठ नुसतेच हलायचे.

"चांगलंच," अक्का म्हणाली.

हे खोटं होतं. माणसाच्या रक्तातल्या लढाऊ पेशी काढायच्या, त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचं, वाढवायचं आणि परत त्याच्याच शिरेत सोडायचं, असा हा उपचार. पेशी लढायला लागल्या की बहुतेकांचं अंग तापतं. ताप नाही म्हणजे बहुधा लढाईच नाही. दादाला पेशी देऊन आठवडा होत आला होता आणि तो आपला मजेत आडवे-उभे शब्द भरत होता.

अक्काच्या मनात, अगदी तळाशी, गुदगुली झाल्यासारखं काहीतरी हललं. शेंडेफळच्या या पेशीही फसल्या तर!

सख्ख्या भावाचा जीव टांगणीला लागलाय आणि आपल्याला हे सुचतंय? तिने तो विचार दाबला. पण उतू जाणाऱ्या दुधावर झाकण ठेवून दूध थोडंच खाली बसतं?

शेंडेफळ हे तिचं खरं नाव नव्हे. दोघी ज्या सरांच्या हाताखाली शिकल्या त्यांच्या प्रयोगशाळेत ती सगळ्यांत शेवटी आली, म्हणून सरांनीच ठेवलेलं नाव. तेव्हा ती स्वतःपेक्षा मोठी पिशवी खांद्याला लावून यायची, दुसऱ्याची पेनं घ्यायची आणि कधी परत करायची नाही. अक्का तेव्हा सरांचा उजवा हात होती. शेंडेफळला पेशी हाताळायला तिनेच शिकवलं, पहिल्यांदा सगळा प्रयोग बुरशीने नासला तेव्हा रडताना पाठीवरून हातही तिनेच फिरवला.

पेशीला शिकवायचं म्हणजे तिला एक नवं अवजार द्यायचं. बाहेर पंजा, आत शेपूट. पंजा कर्करोगाच्या पेशीवरची खूण धरतो, शेपूट आतून हुकूम सोडतं, तुटून पड! तो पंजा अक्काने घडवला होता. त्यापायी तिची उमेदीची सगळी वर्षं गेली, दोन चांगली स्थळं गेली, आईच्या शेवटच्या आजारपणातही ती धड घरी थांबली नाही. पंजा झकास जमला. घोडं अडलं ते शेपटाशी. अक्काच्या पेशी वाळल्या गवताला आग लागावी तशा भडकायच्या आणि तशाच विझून जायच्या. उंदीर बरे व्हायचे आणि महिनाभरात पुन्हा आजारी पडायचे.

मग एका बैठकीत शेंडेफळने अक्काच्याच पंजाला वेगळं शेपूट लावलेल्या पेशी दाखवल्या. अगदीच मंद होत्या त्या.

"तुझ्या पेशी चालतात की रांगतात गं?" अक्काने भर बैठकीत विचारलं होतं. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. शेंडेफळही हसली होती.

रांगणाऱ्या पेशी टिकल्या. उंदरांत टिकल्या, पुढे माणसांतही टिकल्या. शेंडेफळला नवी इमारत मिळाली, दारावर नावाची पाटी लागली. जुन्या इमारतीत अक्का राहिली. रुग्णांसाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीतल्या पेशी जिवंत आहेत ना, शुद्ध आहेत ना, हे तपासायचं काम तिच्याकडे आलं. शेंडेफळचं कौतुक कुठे छापून आलं की अक्का ते दोनदा वाचायची. एकदा सरळ, आणि एकदा त्यात आपलं नाव कुठे आहे का ते शोधत.

दादाचे सगळे उपचार थकले तेव्हा अक्कालाच फोन करावा लागला.

"विचारतेस काय, अक्का?" शेंडेफळ पलीकडून म्हणाली. "उद्याच घेऊन ये दादांना."

तिने आढेवेढे घेतले असते, थोडा भाव खाल्ला असता, तर अक्काला बरं वाटलं असतं. निदान तिला मनसोक्त नावं ठेवता आली असती.

आता तीच शेंडेफळ व्हरांड्याच्या टोकाकडून येत होती. मागे दोघं-तिघं डॉक्टर. वहिनी लगबगीने उठून उभ्या राहिल्या. अक्का बसूनच राहिली.

"काहीच दिसत नाहीये तुझ्या पेशींचं," ती म्हणाली.

"दिसेल. तुझ्या असत्या तर दुसऱ्याच दिवशी फणफणले असते दादा." शेंडेफळ हसली. "माझ्या रांगत येतात ना!"

विसरली नव्हती तर. त्या हसण्यात डंख होता की नुसतीच जुनी ओळख, हे अक्काला कळेना. त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. "अहो, अंग नुसतं भाजतंय! काहीतरीच बोलतायत. मला ओळखत नाहीयेत हो!"

अक्का पोचली तोवर पलंगाभोवती गर्दी झाली होती. दादा लालबुंद झाला होता, दात वाजत होते. तिला बघून तो म्हणाला, "ठमे, दार लाव गं, कुत्रं आत येईल." लहानपणचं नाव ऐकून ती चटकन पुढे झाली, तोच त्याने तिच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"रक्तदाब उतरतोय," वॉर्डातला तरुण डॉक्टर म्हणाला. "मॅडम, स्टिरॉइड सुरू करू या. वाट बघण्यात अर्थ नाही."

"स्टिरॉइडने ताप जाईल, पण पेशीही मरतील कदाचित," शेंडेफळ पुटपुटली. तिच्या हातात दुसऱ्या औषधाची बाटली होती. त्या औषधाने पेशींनी अंगात उठवलेलं वादळ शमतं आणि पेशी वाचतात, पण ते नेहमीच पुरं पडतं असं नाही. ती एकदम अक्काकडे वळली.

"अक्का, इतकं अंगावर येणारं वादळ माझ्या पेशींनी कधी केलं नाही. तुझ्या उंदरांत हे रोजचं होतं. तू सांग. थांबू?"

अक्काने दादाकडे पाहिलं.

स्टिरॉइड द्या, एवढं म्हटलं की झालं असतं. दादा बहुधा आजच्यापुरता वाचला असता. पेशी गेल्या असत्या आणि आजार महिना-दोन महिन्यांत परतला असता. शेंडेफळच्या यशाला पहिला मोठा डाग लागला असता. आणि कुणी अक्काकडे बोट दाखवलं नसतं. बिचारी बहीण, भावापायी घाबरली, असंच म्हणाले असते. तिलाही पुढे तेच खरं वाटू लागलं असतं. इतकी सोय होती त्यात, की तिला स्वतःचीच भीती वाटली.

तिने दादाचं मनगट हातात घेतलं. नाडी पळत होती, पण चुकत नव्हती. अशा वादळांत कितीतरी उंदीर तिच्या डोळ्यांदेखत गेले होते आणि कितीतरी वाचले होते. जाणारा कसा दिसतो ते तिला माहीत होतं. दादा तसा दिसत नव्हता.

"तुझंच औषध दे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःला परका वाटला. "दुपारपर्यंत बघू. मी इथनं हलत नाही. रक्तदाब आणखी खाली गेला तर मीच ओरडेन, मग स्टिरॉइड दे."

दुपार कलली तसा दादाच्या कपाळावर घाम फुटला. मग रक्तदाब सावरला. त्याने डोळे उघडून पाणी मागितलं आणि माझं शब्दकोडं कुणी टाकलं म्हणून वहिनींवर डाफरला. वहिनी तिथेच खाली बसून रडल्या. शेंडेफळ अक्काला काहीतरी म्हणायला वळली, पण अक्का तोंड धुवायला निघून गेली होती. आरशात बघितलं तर आपला चेहरा आनंदी आहे की नाही हे तिला ठरवता येईना.

पुढच्या तपासणीत दादाच्या हाडांच्या मगजात कर्करोगाची एकही पेशी सापडली नाही. तो दिवस दादाने साजरा करायचं ठरवलं. इस्त्रीचा सदरा घालून, हातात फुलांचा भला मोठा गुच्छ घेऊन तो नव्या इमारतीत हजर झाला. मागे वहिनी, त्यांच्या मागे अक्का.

"तुम्ही मला दुसरा जन्म दिलात," शेंडेफळच्या हातात गुच्छ देत तो म्हणाला.

"पंजा हिचा आहे, दादा. आणि त्या दिवशी हीच म्हणाली म्हणून मी थांबले."

दादाने अक्काकडे कौतुकाने पाहिलं. "अगं हो, ठमे, तूसुद्धा असलंच काहीतरी करायचीस ना?"

"असलंच काहीतरी," अक्का म्हणाली.

मग दादाने खिशातून मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "काढ बरं आमचा एक छान फोटो."

तो आणि शेंडेफळ पाटीखाली उभे राहिले, मधे गुच्छ. वहिनी डोळे पुसत दादाला चिकटल्या. अक्का दोन पावलं मागे सरकली आणि तिने बटण दाबलं. मग पडद्यावर बघितलं. दादा तोंडभर हसत होता. शेंडेफळचे डोळे मिटलेले होते, तोंड अर्धवट उघडं, अगदी बावळट दिसत होती.

"आला का चांगला?" दादाने विचारलं.

अक्काने मोबाइल पुन्हा वर धरला.

"नाही," ती म्हणाली. "हिचे डोळे मिटलेत. पुन्हा उभे राहा."

आणि उजेड नीट पडावा म्हणून तिने शेंडेफळला खांद्याला धरून जरा खिडकीकडे वळवलं.